कमळाबाईनं बसवलेली चाकं

कापूरहोळच्या फाट्यावर माझं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची एक पडवी, दोन बाकडी आणि दिवसभर उकळणारा चहा. पण पाटीवर हॉटेल लिहिलं होतं, तेव्हा हॉटेलच. पुण्याकडून येणारा रस्ता सरळ साताऱ्याकडे जातो आणि माझ्या समोरून एक फाटा उजवीकडे भोरला वळतो. त्या वळणावर सोनबाची टायर-पंक्चरची शेड होती. मी मार्गासनीचा, सोनबा उत्रोलीचा. दोघंही शेत सोडून रस्त्याच्या कडेला येऊन बसलेलो, त्यामुळे आमचं जमायचं. पण ही गोष्ट सोनबाची नाही, त्याच्या बायकोची आहे. फाट्यावरची माणसं ती चुकीची सांगतात, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय. ते म्हणतात, कमळाबाईनं शर्यतीची मोटार बनवली. काहीतरीच! बाईनं चार चाकं बसवली. पण ती बसवताना तिचा जीव कसा टांगणीला लागला होता, ते मी समोर बसून बघितलंय.

कमळाबाई अंगानं काटकुळी, पण आवाज असा की साताऱ्याकडून येणाऱ्या ट्रकवाल्याला हॉर्न वाजवायची लाज वाटावी. लुगड्याचा काचा घट्ट मारून कामाला लागायची. माणूस समोर आला की आपण त्याचं तोंड बघतो. ही आधी त्याच्या गाडीचं चाक बघायची. एकदा तिचा सख्खा भाऊ सायकलवरून आला, तर त्याला "ये" म्हणायच्या आधी हिचं सुरू, "मागं हवा कमी हाय." मी त्यावरून तिला चिडवायचो. ती म्हणायची, "ज्ञानूभाऊ, तोंडाचं पंक्चर काढता येतंय व्हय? मग बगून काय करू?"

सत्तरच्या आगेमागे आमच्या भागात बैलगाड्यांची लाकडी चाकं जाऊन रबरी टायर यायला लागले. भाताच्या खाचरातून गाडी काढायची म्हणजे लाकडी चाक चिखलात रुतायचं, बैल गुडघे टेकायचे. सोनबा आणि कमळाबाई मोडीतल्या ट्रकची चाकं आणून गाड्यांना बसवायचे. त्यात त्या दोघांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचा एकच नेम होता: चाक जितकं रुंद आणि जितकं बाहेर, तितकी गाडी भक्कम. गाडी रिकामी करायची, जू टेकणावर ठेवायचं, चाक आणि साटा, म्हणजे माल भरायची चौकट, यांच्यामध्ये दोन बोटं घालून बघायची. दोन बोटं मोकळी फिरली की कमळाबाई ओरडायची, "बसलं!" आणि सोनबा नट आवळायचा. त्यांनी चाकं बसवलेली गाडी उलटली असं मी कधी ऐकलं नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या आषाढात सोनबाचा हात गेला. ट्रकच्या चाकात हवा भरताना टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी उसळली आणि त्याच्या उजव्या मनगटावर आली. जीव वाचला, हात मनगटापासून वाकडा झाला आणि बोटांतली ताकद गेली. पुण्याच्या दवाखान्यातून परत आला तेव्हा तो शेडीच्या दारात बसून नुसता रस्त्याकडे बघायचा. कमळाबाईनं दुसऱ्याच दिवशी शेड उघडली. टायर उचकटायची टॉमी, जॅक, पंप सगळं तिच्या हाताखालचंच होतं. पण ट्रकवाले थांबेनात. खाली उतरायचे, बाईला बघायचे, "मालक आलं की येतो" म्हणायचे आणि निघून जायचे. मालक तर दारातच बसलेला असायचा! कडीनं बाप्याचा हात नेला, तिथं बाईचं काय होईल, असा त्यांचा विचार. मला त्यांचा संताप यायचा. त्यांच्या चहात साखर कमी टाकून मी तो काढायचो.

शेडीची जागा गेनबा तात्यांची. तात्या कापूरहोळचेच, वयानं मोठे, माणूस वाईट नव्हता. पण मोक्याची जागा मोकळी पडलेली त्यांना बघवत नव्हती. एक भुसारवाला त्यांच्या मागे लागला होता. तात्या एकदा शेडीत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "कमळाबाई, दसऱ्यापतुर बगतो. गाड्या थांबाया लागल्या तर तुमी ऱ्हावा. न्हाईतर मला जागा दुसऱ्याला द्यावी लागंल."

शेड गेली असती तर नवराबायकोला उत्रोलीला परत जावं लागलं असतं, दिराच्या दारात, दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला. एका हाताच्या सोनबाला तिथं कुणी लावणीलाही बोलावलं नसतं. कमळाबाईनं हे मला कधी बोलून दाखवलं नाही. फक्त त्या दिवसापासून ती रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक चाकाकडे अशी बघायची की माझंच हॉटेल चालतंय याचं मला अपराधी वाटावं.

पोळा झाल्यावर एक दिवस मानसिंग आला.

मानसिंग भोरकडचा, घरी भाताची मोठी शेती आणि पोह्याची गिरणी. वय पंचविशीचं, अंगात पांढरी पँट, आणि बुडाखाली एक विलायती मोटार: लाल, उघडी, दोन माणसांची, इतकी बुटकी की माझ्या बाकड्यावर बसून मला तिचा टप वरून दिसला असता, टप असता तर. कुणा गोऱ्या मळेवाल्यानं मागे टाकलेली ती मोटार त्यानं पुण्यातून आणली होती. आवाज वाघाचा आणि चाकं शिलाई मशीनची. माझी अशा मोटारींबद्दलची मतं फार चांगली नाहीत. ज्या गाडीत बायको बसवली की पोराला जागा नाही, ती गाडी कशाला म्हणायची?

पण त्याला दिवाळीच्या आधी एका मोटार क्लबाच्या घाट चढायच्या शर्यतीत उतरायचं होतं, आणि त्या अरुंद चाकांवर मोटार वळणाला घसरायची. पुण्यातल्या गॅरेजवाल्यांनी त्याला दिवाळीनंतरचा वायदा दिला. मग त्याला घरच्या बैलगाड्या आठवल्या. गेल्या वर्षी सोनबा-कमळाबाईनं त्या गाड्यांना रुंद चाकं बसवली होती.

तो थेट कमळाबाईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आमच्या बैलगाड्यांचं बूड जसं रुंद केलंत, तसं हिचं करून द्या. चाकं लागतील ती आणतो. पार रुंदातली रुंद बसवायची."

कमळाबाई मोटारीभोवती एक फेरी मारून आली. शेडीच्या दारातून सोनबानं मान हलवली. तीन महिन्यांत पहिल्यांदा चार चाकांचं काम दारात आलं होतं. ती म्हणाली, "बसवू की. चाकच हाय, त्याला काय."

माझ्या हॉटेलात तेव्हा चार ट्रकवाले बसले होते. त्यांनी ते ऐकलं. तात्यांनाही संध्याकाळच्या आत कळलं असणार, कारण फाट्यावर बातमी एस.टी.च्या आधी पोचते.

मानसिंगनं पुण्याच्या जुन्या बाजारातून चार-चार टायरच्या दोन जोड्या आणल्या. एक मधली, एक चांगली रुंद. रुंद टायर बघून त्याचे डोळे चमकले, मधली जोडी त्यानं पायानं बाजूला सारली. एवढ्या रुंद टायरला मोटारीची रिंग पुरणार नव्हती. तेव्हा कमळाबाईनं मोडीतल्या रिंगा कापायला लावल्या आणि फाट्यावरच्याच सावळारामनं त्या रुंद करून वेल्डिंग केल्या. मधली डिस्क, म्हणजे नट बसतात तो भाग, कुठं जोडायची, हा प्रश्न आला. डिस्क आत जोडली की चाक बाहेर येतं, बाहेर जोडली की चाक आत जातं. कमळाबाईनं क्षणभरही विचार केला नाही. "चाक भाईर पायजे. भाईर आसलं की भक्कम."

चारी चाकं चढली. मोटार एकदम छाती काढून उभी राहिली. कमळाबाईनं एकेका मडगार्डखाली दोन बोटं घालून फिरवली. पुढं मोकळी, मागं मोकळी. "बसलं!" ती ओरडली, आणि दारात बसलेला सोनबा किती महिन्यांनी हसला. मलाही बरं वाटलं. खरं सांगायचं तर मोटार देखणी दिसत होती, आणि मला ते मान्य करायला जिवावर आलं होतं.

मानसिंगनं एका दोस्ताला शेजारी बसवलं, पुण्याच्या दिशेनं लांब जाऊन आला आणि भोरच्या फाट्याकडे ऐटीत उजवीकडे वळला. तिथंच, सगळ्यांच्या देखत, कापड फाटल्यासारखा मोठा आवाज आला. मोटार डावीकडे कलली, पुढचं डावं चाक मडगार्डला घासलं, रबर जळाल्याचा वास सुटला. मानसिंगनं कशीबशी मोटार थांबवली. मडगार्डच्या पत्र्यानं टायरच्या कडेवर बोटभर लांब चीर पाडली होती.

ट्रकवाले हसले. एकजण म्हणाला, "बैलं जुपा रं तिला!" मी त्याला म्हणालो, चहा पिऊन झाला असेल तर ऊठ. पण हसणं थांबत नाही. त्यात गेनबा तात्या नेमके भोरच्या एस.टी.तून उतरत होते. त्यांनी टायरची चीर वाकून बघितली आणि ते तसेच घराकडे गेले. तात्या बोलले असते तर बरं झालं असतं.

मानसिंग भडकला. "बाई, तुम्ही मापच घेतलं नाही."

"घेतलं," कमळाबाई म्हणाली. "सगळ्यांदेखत घेतलं. दोन बोटं मोकळी व्हती." तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला. ती खोटं बोलत नव्हती. मोटार ढकलून शेडीसमोर आणली, तिनं पुन्हा बोटं घातली, आणि पुन्हा दोन बोटं मोकळी फिरली. उभ्या मोटारीत सगळं बरोबर आणि चालत्या मोटारीत सगळं चूक. दिवसभर ती त्या मोटारीभोवती फिरत राहिली. मी पाठवलेला चहा तसाच निवून गेला.

दुसऱ्या दिवशी मानसिंग आला तो आत्याला घेऊन. धोंडाबाई आत्याबाई म्हणजे त्या घरातली खरी मालक. अंगानं भरभक्कम, बोलायला त्याहून भक्कम. पुतण्याचं मोटारीचं खूळ एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून त्या एस.टी.नं आल्या होत्या. मानसिंग आणि सावळाराम वाद घालत होते. मानसिंगच्या मते वेल्डिंग वाकडं, सावळारामच्या मते चालवणारा वाकडा. कमळाबाई मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवी बसून, मडगार्डखाली बोटं घालून विचार करत होती: पुढचं घासलं, मग मागचं का नाही?

आत्याबाईंचे पाय दुखायला लागले. बसायला दुसरं काही दिसेना, तेव्हा त्यांनी मोटारीचं चिमुकलं दार उघडलं आणि सुकाणूच्या शेजारच्या जागेवर अंग टाकून दिलं.

कमळाबाई किंचाळली.

"अगं आय गं! उटा! आत्याबाई, उटा, बोटं!"

आत्याबाई घाबरून उठल्या, मोटार वर आली आणि कमळाबाईनं हात बाहेर ओढला. दोन्ही बोटं लाल झाली होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो. पण ती बोटांकडे बघतच नव्हती. ती आत्याबाईंकडे बघत होती, आणि मग तिला हसूच आलं.

"आत्याबाई, परत बसा."

"का गं बाई? बोटं तोडून घ्यायची का?"

"बसा तर! आता बोटं घालत न्हाई."

आत्याबाई बसल्या. मोटार खाली गेली आणि मडगार्डची कड टायरला जाऊन भिडली.

"बगा!" कमळाबाईचा आवाज पुन्हा फाटाभर झाला. "बैलगाडी कुठं बसती? तिच्या चाकावर हे लवणारं इस्प्रिंगचं पाटंच न्हाईत. दहा पोती टाका न्हाईतर रिकामी ऱ्हाऊ द्या, साटा तितंच. ही मोटार मानूस बसला की बसती. आन् आपन चाक बसवलं ती उभी आसताना. आरं, मानूस बसल्याबिगर चाक बसलं का न्हाई ते कळायचंच न्हाई!"

मराठीत बसणं किती तऱ्हेचं आहे याचा मी तोवर विचार केला नव्हता. सोनबा दारातून म्हणाला, "आन् बैलगाडीचं चाक वळतंय कुठं? वळतात बैलं. हिचं चाकच आत वळतं." ते ऐकून कमळाबाईनं पुढच्या चाकाकडे बघितलं. आयुष्यभराचा नेम मोटारीला लागू नव्हता, हे त्या दोघांना एकाच वेळी कळलं. मला वाटलं ती खचेल. ती घरात गेली आणि भिंतीला पट्टा ओढायची लाल काव वाटीत कालवून घेऊन आली.

सुतार लाकूड कुठं अडतंय ते बघायला काव लावतात, हे तिनं बघितलेलं. तिनं टायरच्या दोन्ही कडांना आणि नक्षीच्या अंगाला काव फासली. मग मोटार भरायची आज्ञा सुटली. मानसिंग सुकाणूवर. शेजारी आत्याबाई. मागच्या पत्र्यावर मी आणि सावळाराम, पुढच्या बॉनेटवर भाताची दोन पोती. आत्याबाईंनी मला विचारलं, "तुमी कशाला चढला?" मी म्हणालो, "वजन म्हणून." त्या म्हणाल्या, "मग कमी पडलं." ट्रकवाले बाकडी सोडून रस्त्यावर आले. त्यांतल्याच दोघांना कमळाबाईनं ढकलायला लावलं, आणि सोनबा आपल्या चांगल्या हातानं, डावीकडे, उजवीकडे, असं मानसिंगला सांगत राहिला. अशी आमची वरात शेडीसमोर घिरट्या घालत होती. तशी मजा मला पुन्हा कधी आली नाही.

उतरून बघितलं तर मडगार्डच्या आतल्या कडेला लालभडक काव. चाक बाहेर नको हे ठरलं. सावळारामनं डिस्क सोडवून बाहेरच्या अंगाला जोडली, चाक आत गेलं. पुन्हा काव, पुन्हा आम्ही सगळे चढलो. आता मडगार्ड स्वच्छ. पण पूर्ण वळवल्यावर सुकाणूच्या दांड्याला आतून काव लागलेली. मग अधेमधे जोडून बघितली, तर दोन्हीकडे थोडी थोडी लागली. त्यात तीन दिवस गेले. अखेरीस कमळाबाईनं ती पायानं बाजूला सारलेली मधली जोडी उचलून आणली. त्यांच्या रिंगा थोड्याच रुंद केल्या, वाढवलेली रुंदी बरीचशी आत आणि जराशी बाहेर घेतली. मोटार भरली, वळवली, खड्ड्यातून नेली. काव कुठंच लागली नाही.

"ही बसली," ती म्हणाली.

मानसिंगचा चेहरा पडला. "एवढीशी? जुन्यापेक्षा दीड-दोन बोटं जास्त, बस्स? बाई, मला रुंद पाहिजेत. मडगार्ड कापा, मी सांगतो."

"मडगार्ड कापलं तर भाईर मोकळं हुईल. आत दांड्याला घासंल त्याचं काय? घाटात वळताना चाक दांड्याला अडकलं तर परत सरळ हुयाचं न्हाई."

"मी बघून घेईन. मालकी माझी आहे ना?"

"मोटार तुमची हाय. हात माजं हायेत. म्या न्हाई बसवणार."

मानसिंगनं रागानं जुनी चाकं चढवायला लावली, दोन्ही जोड्या शेजारच्या जागेवर आणि मागच्या पत्र्यावर दोरीनं बांधल्या आणि निघून गेला. दसरा जवळ आला होता. शेडीसमोरची जागा पुन्हा मोकळी झाली.

मी तिच्यावर भयंकर चिडलो. रस्ता ओलांडून गेलो आणि म्हणालो, "त्यानं मागितली ती द्यायची होतीस! शेड राहिली असती. तो पडला असता तर त्याच्या हौसेनं पडला असता."

कमळाबाई ट्यूबवर फुंकर घालून पॅच लावत होती. तिनं पॅच अंगठ्यानं दाबून धरला. सोनबानं मात्र आपला वाकडा हात वर उचलून मला दाखवला, म्हणाला, "ज्ञानू, ती कडी बसली न्हवती. मला वाटलं व्हतं बसली." बस्स, एवढंच. मी परत फिरलो. मला स्वतःचा राग आला आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की त्या दिवशी गिऱ्हाइकांना मी दुप्पट साखर टाकून चहा पाजला.

दोन दिवसांनी वाघाचा आवाज भोरकडून आला. मानसिंग उतरला. पांढऱ्या पँटीला पिवळे डाग.

"हे काय?" मी विचारलं.

"हळद," तो ओशाळून म्हणाला. "घरात काव नव्हती." त्यानं गिरणीवरच्या एका मिस्त्रीकडून मोठी जोडी चढवून घेतली होती. मग शर्यतीला निघायच्या आधी, का कोण जाणे, गिरणीवरची माणसं मोटारीत बसवून, टायरला हळद फासून स्वतःच वळवून बघितली. दांडा हळदीनं माखला. एकदा तर चाक अडकलं ते चौघांनी ओढून सोडवलं. हे सांगताना तो कमळाबाईच्या तोंडाकडे बघत नव्हता, तिच्या हातांकडे बघत होता. "अंगणात होतो म्हणून बरं. बाई, ती मधली जोडी चढवून द्या. तुम्ही म्हणाल तशी."

"आदी चहा घ्या," कमळाबाई म्हणाली. त्याला ओशाळलेला ठेवायला तिला आवडलं नाही. नाहीतर मी बसलोच होतो चिडवायला.

मधली जोडी चढली. मानसिंग शर्यतीला गेला. पहिला आला का? नाही. बक्षीसही नाही. मधे कुठंतरी आला, पण सगळी वळणं घसरल्याशिवाय घेतली आणि त्याच चाकांवर घरी परत आला. परतताना फाट्यावर थांबून त्यानं माझ्या हॉटेलातल्या सगळ्यांना वळणं हातवारे करून दाखवली. एका ट्रकवाल्यानं ते सगळं ऐकून घेतलं. मघापासून तो आपल्या मागच्या चाकाकडे बघत होता. मग उठला, कमळाबाईकडे गेला आणि म्हणाला, "बाई, कडी नीट बसलीया का, जरा बगता का?" हाच तो, बैलं जुंपायला सांगणारा. कमळाबाईनं त्याला ओळख दिली नाही, कारण तिनं तोंड बघितलंच नव्हतं. तिनं आधी सगळी हवा सोडली, कडीवर हातोडीनं चौफेर टकटक करून बघितली, सोनबानं कान लावून आवाज ऐकला. मग कडी उसळू नये म्हणून चाकाला साखळी गुंडाळून, लांब उभी राहून तिनं हवा भरली. त्याच्यामागे दुसरा ट्रक थांबला. नवरात्रात तर एका सकाळी तीन ट्रक रांगेत होते, आणि माझा चहा पुरला नाही.

तरी तात्यांकडून शब्द नव्हता. भुसारवाला मधेच येऊन शेडीची लांबी पावलांनी मोजून गेला होता, ते आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कमळाबाईनं टॉमी, जॅक सगळं घासून पुसून एका बाजूला लावलं. पूजेसाठी म्हणावं तर ते घर बुद्धाला मानणारं, हत्यारांची पूजा ते करत नसत. ती आवराआवर होती. मला ते बघवलं नाही, मी पाठ करून भांडी विसळत बसलो.

बैलांच्या घुंगरांचा आवाज आला म्हणून वळलो. गेनबा तात्या स्वतःची बैलगाडी हाकत आले होते. जुनी, लाकडी चाकांची. गाडीत भाताची पोती शिगोशीग, आणि पोत्यांवर तात्यांचा गडी.

"कमळाबाई," तात्या म्हणाले, "हिला टायर बसवायचं."

कमळाबाई गाडीकडे बघत राहिली. "तात्या, गाडी भरून कशाला आनली? बैलगाडी रिकामीच लागती. हिला पाटं न्हाईत."

"आता मला काय म्हाईत? समदा फाटा म्हनतोय, बसल्याबिगर बसत न्हाई."

आम्ही सगळे हसलो. कमळाबाईही हसली, पण तिचं लक्ष लागत नव्हतं. तिला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. तात्यांनी बैल सोडले, शेडीत शिरले, मान वर करून पत्र्याकडे बघितलं. दोनतीन भोकांतून ऊन खाली पडलं होतं.

"लई गळतं का गं?"

"गळतं की. हितं बादली ठेवती मी."

"बरं," तात्या म्हणाले. "पुढल्या पावसाच्या आत पत्रं बदलून देतो."

पुढल्या पावसाच्या आत. सोनबानं माझ्याकडे बघितलं, मी सोनबाकडे. भुसारवाल्याचं नाव निघालं नाही, जागेचं नाव निघालं नाही. तात्या बाहेर जाऊन पोती उतरवायला गड्याला हाका मारायला लागले. काम करताना जी बाई कधी टेकली नाही, ती कमळाबाई मोकळ्या टायरवर खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि पोटभर रडली.